‘नर’ ठरवलेला आवळा : साताऱ्यातल्या एका परसातल्या झाडाची हकीकत

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी माझ्या मावशीचं घर आहे. मागे छोटं परस, मुरमाड जमीन, कडेला जुनी विहीर. काका २०१० साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी परसाच्या ईशान्य कोपऱ्यात आवळ्याचं रोप लावलं. कार्तिकात आवळीभोजनाला दुसऱ्याच्या दारी जायला नको, आणि घरचे आवळे घरच्या तब्येतीला उपयोगी पडतील, एवढाच त्यांचा हिशेब होता. रोप कुठून आणलं, कोणत्या जातीचं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. आपल्याकडे आवळ्याच्या बाबतीत ते कोणी विचारतही नाही.

२०१८ च्या चैत्रात मावशीचा मला पुण्याला फोन आला. “अगं, झाड आठ वर्षांचं झालं. दरवर्षी फुलानं नुसतं गजबजतं, आणि आवळा म्हणशील तर एक नाही. मागच्या साली पाच-सहा दिसले होते, तेही गळाले. शेजारचे म्हणतात नर झाड आहे, पपईसारखं. तोडा आणि दुसरं लावा म्हणतात. तू सायन्स शिकवतेस ना, तू सांग.”

मी शाळेत विज्ञान शिकवते, फळबाग नाही. पण तोडण्याआधी मला एकदा बघू दे, एवढं मी तिला सांगितलं. काका तोवर गेले होते. त्यामुळे ‘तोडा’ हा शब्द तिच्या तोंडून सहज निघालेला नव्हता, हे मला फोनवरही कळलं.

पुढे जे घडलं ते मी वहीत तारीखवार लिहून ठेवत गेले. ‘नर आवळा’ म्हणून तोडली गेलेली किमान तीन झाडं मला आमच्याच ओळखीत माहीत आहेत. म्हणून हे सगळं सविस्तर मांडते आहे.

ताटलीतली फांदी

पुढच्या शनिवारी गेले. झाड पंधरा-सोळा फूट उंच, तब्येतीनं उत्तम. नव्या पालवीच्या काड्यांवर, पानांच्या तळाशी, हिरवट-पिवळ्या बारीक फुलांचे गुच्छ. खाली उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज ऐकू येत होता. झाडाच्या चारी बाजूंनी वरच्या-खालच्या मिळून बारा काड्या कापल्या, स्वयंपाकघरात आणल्या, पांढऱ्या ताटलीत ठेवल्या आणि शाळेचं भिंग काढलं.

आधी पपईचा विषय मिटवते. पपईत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असू शकतं. आवळ्याचं तसं नाही. एकाच झाडावर, एकाच काडीवर नर फुलंही येतात आणि मादी फुलंही. म्हणजे ‘नर आवळा’ असा प्रकार मुळात नाही. मात्र एखाद्या झाडावर नर फुलं ढिगानं आणि मादी फुलं नावालाच, असं सर्रास असतं, आणि बियांपासून वाढवलेल्या रोपांत तर फारच. शेजाऱ्यांनी पाहिलं ते खरं होतं, फक्त त्याला दिलेलं नाव चुकीचं होतं. आणि नाव चुकलं की उपाय चुकतो.

दोन्ही फुलांना सहा-सहा चिमुकली दलं असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना ती सारखीच दिसतात. भिंगाखाली फरक चटकन कळतो. नर फुलाच्या मधोमध तीन पुंकेसर एकमेकांना चिकटून एक बारीक खांब उभा असतो. मादी फुलात खांब नसतो. तिथे एक हिरवी, फुगीर घुंडी असते आणि तिच्या डोक्यावर फाटे फुटलेली तीन टोकं. ही घुंडी म्हणजेच पुढचा आवळा. नर फुलं काडीच्या बुडाकडे गुच्छानं येतात. मादी फुलं एकेकटी, टोकाकडच्या पानांच्या बगलेत, आणि नर फुलांच्या मागाहून उमलतात. त्यामुळे एकाच दिवशी मोजून निकाल दिला तर तो फसवा ठरतो. मी आठ दिवसांनी पुन्हा गेले आणि पुन्हा बारा काड्या मोजल्या.

दोन्ही वेळची मिळून बेरीज : नर फुलं अकराशेच्या वर, मादी फुलं ३.

मावशीनं भिंग हातात घेऊन ती तिन्ही फुलं स्वतः पाहिली. “आहेत की गं,” म्हणाली. “म्हणजे वांझ नाहीये ते.”

हा शब्द तिनं झाडाबद्दल वापरला, आणि पुढचा सगळा दिवस तो माझ्या मनातून गेला नाही.

आणखी दोन कारणं

मादी फुलं कमी हे मूळ कारण. पण झाडाच्या भोवती नीट बघितल्यावर आणखी दोन गोष्टी कळल्या. एकटंच कारण धरून बसलो असतो तर अर्धवट उपचार झाला असता.

पहिली गोष्ट पाण्याची. आवळा माघ-फाल्गुनात पानगळ करतो. पिसासारख्या दिसणाऱ्या त्या बारीक काड्या पानांसकट गळून पडतात आणि झाड उघडंबोडकं होतं. मावशीला वाटायचं झाड तहानलंय. ती फाल्गुनापासून रोज सकाळी विहिरीचं पाणी आळ्यात सोडायची. आवळ्याला फुलोऱ्याच्या काळात, साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, पाणी देऊ नये असं फळबागेतली जाणती माणसं सांगतात. त्या दिवसांत भरपूर पाणी मिळालं की फूल गळतं. मावशी मायेनं पाणी देत होती, आणि जी काही थोडी मादी फुलं येत होती त्यांनाही ते मानवत नव्हतं.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. आसपास पाव-अर्धा किलोमीटरात दुसरा आवळा नव्हता. आवळ्याचे काही वाण स्वतःच्याच परागानं नीट फळत नाहीत. म्हणून बागेत शक्यतो एकाच वाणाची लावणी करत नाहीत, निदान दोन वाण एकमेकांजवळ ठेवतात. पराग वाऱ्यानंही जातो आणि मधमाश्यांनीही, पण तो न्यायला दुसरं झाड असावं लागतं.

तिन्ही कारणं मी कागदावर लिहून मावशीसमोर ठेवली आणि रस्तेही सांगितले. झाड काढून कलमी रोप लावायचं, तर तीन-चार वर्षांत फळ मिळेल आणि हा सगळ्यात सोपा मार्ग. किंवा झाड ठेवून शेजारी एक कलम लावायचं, पण मग जुनं झाड बहुतेक पराग पुरवण्यापुरतंच उरेल. तिसरा मार्ग म्हणजे याच झाडाच्या फांद्या छाटून नव्या फुटींवर चांगल्या वाणाचे डोळे, म्हणजे ज्यांतून फांदी फुटते ते सालीवरचे कोंब, भरायचे. मूळ तेच, खोड तेच, फळणारी फांदी नवी.

नुसत्या हिशेबानं बघितलं तर पहिला मार्ग बरा होता. मावशीनं तिसरा निवडला, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तोच निवडला असता.

छाटणी आणि डोळे

कलम करणारे एक मामा कोरेगावकडचे. आयुष्य रोपवाटिकेत गेलेलं, बोलणं मोजकं. त्यांनी झाडाला एक फेरी मारली आणि म्हणाले, “खुंट झ्याक हाय. येवढी मुळं गेल्यात खाली, त्यांचा फायदा घ्या.” दोन वाण त्यांनीच सुचवले, एनए-७ आणि कांचन. एनए म्हणजे नरेंद्र आवळा. उत्तर प्रदेशात अयोध्येजवळच्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठानं हे वाण निवडून काढले. एनए-७ हा फ्रान्सिस या जुन्या वाणाच्या रोपांतून निवडलेला, कांचन चकैयाच्या रोपांतून. दोन्हींचं मोठेपण एकच, काडीवर मादी फुलं भरपूर. आमच्या झाडाला नेमकं तेच हवं होतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये छाटणी झाली. मुख्य फांद्या पाच होत्या. चार फांद्या बुंध्यापासून हातभर अंतरावर करवतीनं कापल्या आणि जखमांवर बुरशीनाशक बोर्डो पेस्ट लावली. मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र केलं, तेही प्लॅस्टिकच्या बादलीत, कारण मोरचूद लोखंडाची बादली खातो. पाचवी फांदी मामांनी मुद्दाम ठेवली. “ही जुनीच ऱ्हाऊ द्या. हिच्यावर नर फूल रगड येतंय न्हवं? नव्या फांद्यांना तेच लागणार.”

इतकी वर्षं ज्या फुलांसाठी झाडाला दोष दिला गेला, त्यांचाच असा उपयोग निघाला. मला हे आपणहून सुचलं नव्हतं.

उन्हाळ्यात छाटलेल्या टोकांवरून पंधरा-वीस फुटी आल्या. प्रत्येक फांदीवर चार जोमदार, वेगवेगळ्या दिशांच्या ठेवल्या, बाकीच्या काढल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फुटी पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या होत्या. पावसानं दोन दिवस उघडीप दिली तशी मामा आले. कलमकाड्या ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या.

ते काम मी हातभर अंतरावरून बघितलं. आधी फुटीच्या सालीवर चाकूचं टोक टेकवून बघतात, साल सुटते का. साल सुटत नसेल तर पुढचं काही करत नाहीत. मग बोटाच्या पेराएवढा चौकोनी तुकडा सालीसकट काढतात. आतलं लाकूड ओलं, गुळगुळीत, जवळजवळ पांढरं. कलमकाडीवरून तेवढ्याच मापाचा, मधोमध डोळा असलेला तुकडा सोलून त्या जागी बसवतात. चारही कडा बसल्या पाहिजेत. एखादी बसलीच नाही तर निदान वरची आणि एक बाजूची तरी चिकटून हवी. डोळ्याची दिशा वर. मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं खालून वर गच्च बांधतात, डोळा तेवढा उघडा. एका डोळ्याला दीड-दोन मिनिटं. त्यात सगळ्यात जास्त काळजी एकाच गोष्टीची, उघड्या लाकडाला बोट लागता कामा नये.

सोळा फुटी, सोळा डोळे. आठ एनए-७ चे, आठ कांचनचे.

महिन्याभरातच ऑगस्ट २०१९ चा तो पाऊस आला. सांगली-कोल्हापुरातला पूर सगळ्यांना आठवत असेल. साताऱ्यातही दिवसचे दिवस सूर्य दिसला नव्हता. पट्टीच्या आत पाणी शिरून सात डोळे काळे पडले. नऊ जगले, सहा एनए-७ चे आणि तीन कांचनचे. मामांनी फोनवर सांगितलं, “नऊ म्हंजी लई झाले. डोळा हालाय लागला की वरची फूट अर्ध्यात मोडा, समदी एकदम कापू नका.” तसं केलं. डोळा बोटभर वाढल्यावर मगच वरची फूट पूर्ण कापली.

मावशीची माया

इथे एक चूक झाली, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. डोळ्याच्या खालून, जुन्या सालीतून, खुंटाची, म्हणजे मूळ झाडाची, स्वतःची फूट सतत येत राहते. ती दिसेल तेव्हा अंगठ्यानं खुडायची असते. मावशीनं पश्चिमेकडच्या फांदीवरची एक फूट खुडली नाही. “एवढी तरारून आली होती, हात धजेना.” दिवाळीपर्यंत ती फूट कांचनच्या डोळ्याच्या दुप्पट झाली आणि डोळा तिच्या सावलीत खुरटला. मी दिवाळीत गेले तेव्हा ती कापली. मावशी शेजारीच उभी होती, पण काही बोलली नाही. त्यानंतर मात्र दर रविवारी खुरपं आणि स्टूल घेऊन ती झाडाखाली जायची आणि खालची एकही फूट टिकू द्यायची नाही.

रिकाम्या राहिलेल्या फुटींवर २०२० च्या जुलैमध्ये पुन्हा डोळे भरायचे होते. टाळेबंदीमुळे मामांना येता येईना, मला पुण्याहून निघता येईना. शेवटी मावशीनंच करायचं ठरवलं. वय ६७. चाकू उकळत्या पाण्यातून काढलेला. कलमकाडी याच झाडावरच्या, वर्षभर वाढलेल्या एनए-७ च्या फांदीची. एका खिडकीत मामा आणि दुसऱ्या खिडकीत मी असा व्हिडिओ कॉल सुरू होता. तिनं तीन डोळे बांधले. पहिला फाटला. दुसरा बांधताना मामा ओरडले, “ताई, उलटा बसवलासा, डोळा खाली बघतोय!” तो तिनं सोडून पुन्हा बांधला. तिसरा नीट बसला. तीनपैकी तो तिसरा एकच जगला. त्या फांदीला तिनं तांबडी सुतळी बांधून ठेवली आहे, ती आजही आहे.

फळ दिसत नाही तेव्हाही असतं

२०२१ च्या मार्चमध्ये नव्या फांद्यांवर पहिल्यांदा फुलं आली. त्या वर्षी आळ्यात पाणी सोडलेलं नव्हतं. ताटली, भिंग, बारा काड्या, पुन्हा मोजणी. एनए-७ च्या काड्यांवर टोकाकडे मादी फुलं सहज नजरेला पडत होती, एकेका काडीवर चार, पाच, सात. जुन्या पाचव्या फांदीवर नेहमीसारखा नर फुलांचा खच.

मेमध्ये मावशीचा फोन. आवाज उतरलेला. “सगळी फुलं गेली बघ. फळ काही धरलं नाही.”

आवळ्याची ही खोड ठाऊक नसेल तर कुणीही इथेच हरेल. चैत्रात फळ धरतं, पण धरल्यावर ते वाढत नाही. मोहरीएवढं, कधी त्याहूनही बारीक, पानाच्या बगलेत तसंच बसून राहतं. सगळा उन्हाळा ते झोपलेलं असतं. पावसाळा चांगला लागला, हवेत ओल आली की मग श्रावणाच्या आसपास ते फुगायला लागतं, आणि तिथून पुढे इतक्या झपाट्यानं वाढतं की आठवड्याला फरक दिसतो. मी तिला काडीच्या टोकाकडचं तिसरं-चौथं पान उचलून भिंगातून बघायला सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. “आहे गं. आहे. खसखशीएवढं आहे.” नंतर बराच वेळ ती काहीच बोलली नाही.

पहिलं पीक डिसेंबर २०२१ ला निघालं. चार किलो. एनए-७ ची फळं मोठी, पिवळसर हिरवी, अंगावरच्या सहा रेषा जेमतेम दिसणाऱ्या. कांचनची त्याहून लहान, पण गच्च.

औषध म्हणून खाल्लेली साखर

आता वापराकडे येते. झाड लावलंच होतं त्यासाठी, आणि या भागात आमच्याकडून जी चूक झाली ती झाडाच्या चुकीपेक्षा मोठी होती.

मावशीला दहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळी चालू आहे. आवळा मधुमेहाला चांगला, हे तिनं सगळीकडे ऐकलेलं. घरचे आवळे हातात आल्याबरोबर तिनं दोन किलोंचा मोरावळा घातला. अगदी तिच्या आईच्या पद्धतीनं : टोचणीनं टोचून, चुन्याच्या निवळीत एक रात्र ठेवून, धुऊन, वाफवून, दोन तारी पाकात, वरून वेलची आणि केशर. चव अशी की ती आठवूनही तोंडाला पाणी सुटतं. रोज सकाळी दोन आवळे आणि वर चमचाभर पाक, ‘औषध’ म्हणून. महिन्याभरानं रक्तातली साखर तपासली तर ती नेहमीपेक्षा बरीच चढलेली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात नवीन काय? तिनं सांगितलं, काहीच नाही. मोरावळा तिच्या लेखी खाण्यात मोडतच नव्हता, तो औषधात मोडत होता.

मोरावळ्यात आवळ्याच्या वजनाएवढी, पुष्कळदा त्याहून जास्त साखर पडते. मधुमेह नसलेल्या माणसानं हिवाळ्यात एखादा खावा, त्यात काही बिघडत नाही. मधुमेह असलेल्यानं तो औषध म्हणून रोज खाणं म्हणजे आवळ्याच्या नावानं साखर खाणं. गुळातला केला तरी फार फरक पडत नाही. बाजारच्या बहुतेक च्यवनप्राशांचंही तेच, डब्यामागचं लेबल वाचलं की कळतं.

डॉक्टरांशी नीट बोलून मग आम्ही पद्धत बदलली. आता ती कच्चा आवळा खाते, रोज अर्धा, जेवणात, किसून. कधी कोथिंबिरीबरोबर चटणीत, कधी मटकीच्या उसळीवर वरून. उसळ आणि पालेभाजीबरोबर घेण्याला कारण आहे. क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि मावशीचं हिमोग्लोबिन कायम काठावर. अर्धाच का, तेही सांगते. आमचा मध्यम आवळा बी काढून चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाचे आकडे वाण आणि तपासणीनुसार खूप बदलतात; जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम दिलेलं असतं, नव्या तक्त्यांत ते २५० च्या घरात आहे. कमीतला आकडा धरला तरी अर्ध्या आवळ्यातून ५० मिलिग्रॅम मिळतं. भारतीय प्रौढ स्त्रीची दिवसाची शिफारस ६५ मिलिग्रॅमची आहे, बाकीचं लिंबू-भाजीतून सहज येतं. वाटीभर रस ढोसायची गरजच नाही. तसा रस उपाशीपोटी घेतला तर पुष्कळांना छातीत जळजळतं, दातही आंबतात.

गोळी मात्र बंद केलेली नाही, आणि ती आवळ्याच्या भरवशावर बंद करायचीही नाही. उलट, साखर उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर आवळ्याचा रस किंवा चूर्ण रोज मोठ्या प्रमाणात घेतलं तर साखर जास्त खाली जाऊ शकते. म्हणून आपण ते घेतोय हे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनीही आवळ्याचा रस किंवा चूर्ण रोज सुरू करण्याआधी विचारून घ्यावं. ‘घरचं आहे, त्यात काय’ हे वाक्य मी मावशीच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. घरचं असलं तरी पोटात गेल्यावर ते आपलं काम करतंच. चरकसंहितेच्या रसायनप्रकरणात आमलकीला एवढा मान आहे, तो ती काम करते म्हणूनच ना? मग ती कुणाला, किती आणि कशाबरोबर द्यायची, हेही तितक्याच मानानं बघायला हवं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. पहिल्या वर्षी किसताना मावशीनं जुनी लोखंडी विळी घेतली आणि कीस बघता बघता काळानिळा झाला. ती घाबरली, फळ किडलं की काय. आवळ्यातला तुरट अंश लोखंडाला लागला की काळा रंग धरतो. खायला करताना म्हणून स्टीलची किसणी, काचेची बरणी. आणि केसांना लावायला आवळकाठी भिजवायची तेव्हा तीच लोखंडी कढई घ्यायची, कारण तिथे तो काळा रंगच हवा असतो. आजी आवळकाठी रात्रभर लोखंडी कढईत का ठेवायची, हे मावशीला त्या दिवशी उमगलं. आवळासुपारी करायला आम्ही आल्याचा रस, सैंधव आणि जिरं लावून कीस उन्हात वाळवतो. वाळवण्यात आणि उकळण्यात क जीवनसत्त्व घटतं, पण तोंडाला चव आणि जेवणानंतर पचनाला म्हणून सुपारी चांगलीच.

मोडलेली फांदी

२०२२ साली फळ बक्कळ धरलं. एनए-७ चं लाकूड ठिसूळ आणि फळांचा भार जास्त, म्हणून फांद्या मोडतात असं मामांनी बजावलं होतं. टेकू लावायचं आम्ही गणपती झाल्यावर बघू म्हटलं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाऱ्या-पावसात दक्षिणेकडची फांदी जोडावरून फाटून खाली आली. कोवळ्या आवळ्यांनी लगडलेली. मावशीनं सकाळी फोटो पाठवला, खाली एक अक्षर लिहिलं नाही. मी दुपारच्या एसटीनं निघाले. संध्याकाळपर्यंत उरलेल्या फांद्यांना बेळक्याचे बांबू दिले, बेळक्यात जुन्या धोतराचा बोळा घातला म्हणजे साल खरचटायला नको. पडलेल्या फांदीवरचे आवळे कोवळे होते, तरी लोणच्याला चालले.

त्याच पावसाळ्यात दोन-तीन शेंड्यांना गाठी आल्या, बोटाएवढ्या फुगलेल्या. आत अळी असते. गाठीच्या खालून कापून जाळून टाकलं, औषध मारायची वेळ आली नाही.

त्या हंगामात सतरा किलो आवळे निघाले. कार्तिकात नवमीला झाडाखाली पानं मांडली. बारा माणसं जेवली, तोडायला सांगणारे शेजारीही होते. मावशीनं ताटात पहिल्यांदा आवळ्याचीच चटणी वाढली आणि सगळ्यांना जेवणानंतर पाणी पिऊन बघायला लावलं, गोड लागतं म्हणून. काकांच्या नावाचं एक पान तिनं ईशान्येकडे वेगळं मांडलं होतं.

दक्षिणेकडच्या मोडलेल्या फांदीच्या जागी आता चार नव्या फुटी आल्या आहेत. त्यांतल्या दोन मावशीनं ठेवल्या, दोन खुडल्या. चाकूला धार लावून आणली आहे, कांचनच्या काड्या कोणत्या घ्यायच्या त्यांना खुणेचे दोरे बांधलेत. पाऊस उघडीप कधी देतो, याची ती वाट बघते आहे. या वेळी मामांना बोलवायचं नाही म्हणाली, फक्त फोन चालू ठेवायचा.